वॉर्ड नंबर तीनचा स्वतंत्र विदर्भ

३ मे १९७९. सकाळ.
ठरलं. आंजीच्या ग्रामपंचायतीले वॉर्ड तीनमधून मी उभा. मुद्दा एकच: वेगळा विदर्भ. मले मत म्हणजे विदर्भाले मत. निकाल म्हणजे जनतेचा कौल! महाराष्ट्रातून बाहेर पडाची सुरवात आपल्याच वॉर्डातून.

५ मे.
माझा साडू किसनराव बी उभा. काऊन? मी उभा म्हणून! त्याचा मुद्दा काय, तर पाराजवळचं बंद बोरिंग. हसू आलं. कुठं राज्य, कुठं हातपंप.

९ मे.
सभा. विदर्भावर दीड तास बोललो. शेवटी एकटे बंडूजी बसून. सतरंजी त्यांची होती. किसनरावाच्या टेरिकॉटच्या सदऱ्याचं शकूनं दोनदा कौतुक केलं. बायको माझी, कौतुक साडूचं! मी जळत नाई. फक्त लिहून ठेवतो.

१४ मे.
किसनरावानं वर्ध्याहून मेकॅनिक आणला. बोरिंग चालू. शकूनं पहिली घागर आणली. ते पाणी पेणार नाई म्हटलं.
दुपारी पेलो. ऊन फार होतं.

२० मे. निकाल.
किसनराव निवडून आला. मले अकरा मतं. पण हा कौल नोहे! लोकायनं पाण्याले मत देल्लं, विदर्भाचा प्रश्नच कुठं आला?

संध्याकाळी.
गुलालात माखलेला किसनराव माझ्या दारात थांबून वरडला, हा वेगळ्या विदर्भाचा विजय! माझी घोषणा, माझ्याच दारात! शकूनं त्याले ओवाळलं. अंगाची आग झाली.
उद्यापासून जळणं बंद.

२२ मे.
विदर्भ समितीचे सदाशिवराव सेलूहून आले. दोन वर्षं मी त्यायची वाट पाहून राह्यलो. गेले सरळ किसनरावाकडे. मी बी मांगं गेलो. वॉर्ड तीननं विदर्भाले कौल देल्ला म्हणे. हार घालून गावच्या समितीचा अध्यक्ष केलं. राहवलं नाई. उभा राहून सांगितलं, हा कौल बोरिंगचा आहे. आंजीत विदर्भ कोणालेच नको, लोक महाराष्ट्रात खूष आहेत!
किसनरावानं मले बसाले खुर्ची देल्ली. मेला कुठचा!

२३ मे.
शकूनं विचारलं, तुमाले विदर्भ पाह्यजे होता, का भाऊजी पडाले पाह्यजे होते?
मी तिलेच विचारलं, तुयं मत कोणाले होतं?
विदर्भाले, म्हणे. म्हणूनच भाऊजीले देल्लं. तुमच्यानं बोरिंग झालं नाई, राज्य कुठून होईन?
तिनं पाणी आणून देल्लं. पेलो.