गाळलेला प्रवेश

सर, आज चार वाजता सदाशिव पेठेत माझ्या नव्या नाटकाचं वाचन आहे आणि सकाळपासून माझ्या तळव्यांना घाम सुटलाय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "लेखकाला कसली धडकी? घाम नटांनी गाळायचा." पण नाटक तुमच्यावर आहे, आणि वाघोलीहून तुमची मुलगी ऐकायला येतेय.

तो प्रयोग आठवतो ना? तुम्ही बाप, मी मुलगा, रंगमंचावर आपण दोघंच. "बसा, बोलायचंय मला" हे माझं वाक्य दुसऱ्या अंकातही होतं आणि तिसऱ्यातही. दुसऱ्यात मी ते म्हटलं आणि पुढचं तिसऱ्यातलं बोलून गेलो. तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघता. मग तुम्ही तिसऱ्यातलंच उत्तर देता, आणि आईचं काम करणाऱ्या बाईंचा सगळ्यात मोठा प्रवेश अख्खा गळून जातो. रंगपटात त्या रडत विचारत होत्या, थेट तिसऱ्या अंकात उडी कोणी मारली? तुम्ही खोबरेल तेलाने रंग पुसत म्हणालात, "वय झालं. माझंच चुकलं." मी खाली वाकून बुटाची नाडी सोडत राहिलो.

दुसऱ्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरात चहा गाळताना एवढंच बोललात, "अहो कलावंत, विसरण्याआधी पाठ करावं लागतं." मी हसलो. म्हातारा विसरतो अशी कुजबुज पसरली आणि तुम्ही जाईपर्यंत तुम्हाला पुन्हा कुणी काम दिलं नाही. मीही स्टेजवर पाय ठेवला नाही; लिहायला लागलो. नटाचा नाटककार झाला म्हणून कौतुक झालं. हातात कागद असला की विसरायची भीती नसते, एवढंच त्यामागचं कारण.

परवा तुमच्या मुलीचा फोन आला. "दादा, बाबा विसरायला लागलेत असं आम्हाला घरात कधीच जाणवलं नाही हो. त्या प्रयोगात तुम्ही स्टेजवर होतात ना? नाटकात आहे का ते?"

मी म्हटलं, "आहे. ये तू."

आहे, सर. फार जीव लावून लिहिलंय. ज्यांनी वाचलं त्यांचे डोळे भरून आले. पण त्यात उडी म्हातारा मारतो. आता दोन वाजलेत. बदलायचं तर मुलाच्या तोंडी कबुलीचं एकच वाक्य घालायचंय, आणि पेन हातात असून मी तुम्हाला हे पत्र लिहीत बसलोय, जे कुठे टाकायचंही नाही. ती चारचौघांत विचारेल म्हणून घाबरलोय, असं सकाळपासून स्वतःला सांगत होतो. ती विचारणार नाही. नाटक ऐकून तिला ते पटेल, आणि मी पटू देईन.