सहा पोळ्या, अर्धी-अर्धी

प्रिय बाई,

तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही, कारण आपण एकमेकांपासून लांब असे राहिलोच नाही. आज लिहितोय, कारण घरात एकटा आहे आणि जिवाला चैन नाही. आपल्या नातीचा, ईशाचा, आज शेवटचा पाठ आहे. सुपरवायझर बाई तिच्या वर्गात मागे बसून बघणार, आणि त्यावर पोरगी शिक्षिका म्हणून पक्की होणार की नाही ते ठरणार. सकाळपासून दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा गॅस बंद केलाय का ते परत जाऊन बघितलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "अहो, बसा एका जागी."

बसलोय बघ. स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर.

सगळा गाव तुला बाई म्हणायचा, म्हणून मीही म्हणायला लागलो. सुरुवातीला चिडवायला, मग सवयीने. तुला आठवतं, तू बाई झालीस ती उलट्या क्रमाने? आधी नोकरी लागली, ट्रेनिंग मागून. लोक म्हणायचे, ही कसली शिक्षिका, हिला तर शिकवायचं शिकवलेलंच नाही. ईशाचंही तसंच आहे. कॉलेजात ती फायनान्स शिकली, वर्षभर डॅलसला ऑफिसात गेली, आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली, मला पाचवीच्या मुलांना गणित शिकवायचंय. कॉलेजात शिक्षकाचं शिकलं नसलं तरी इथे अमेरिकेत मागाहून दुसऱ्या वाटेने शिक्षक होता येतं. परीक्षा द्यायची, ऑनलाइन ट्रेनिंग करायचं आणि वर्षभर खराखुरा वर्ग सांभाळायचा. अधूनमधून सुपरवायझर येऊन बघून जाते. वर्ष नीट पार पडलं तर सर्टिफिकेट, नाहीतर घरी.

आपला नितीन किती रागावला होता. मला म्हणाला, "बाबा, तुम्ही तरी तिला समजवा. एवढी डिग्री, एवढा चांगला जॉब, सोडून काय करणार म्हणे, शाळामास्तरकी."

मी म्हटलं, "तुझी आई कोण होती रे?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती, बाबा."

ईशा जिन्यात उभी राहून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "डॅड, आय ॲम नॉट आस्किंग." आणि वर निघून गेली. मला वाटलं, तू असतीस तर तिची बाजू घेतली असतीस. मी कोणाची बाजू घेणार? माझं शिक्षण सातवीत सुटलं, सायकली दुरुस्त करण्यात जन्म गेला. मी आपला काळजीची बाजू घेतली. एवढ्या मोठ्या रस्त्यावर ती रोज गाडी चालवणार. इथल्या शाळांत मुलांना दार लावून, दिवे घालवून, गप्प बसायची प्रॅक्टिस देतात, कोणी बंदूक घेऊन शिरलं तर म्हणून. हे ऐकल्यापासून ती दारात येईपर्यंत मी खिडकीशी असतो. तुझ्या शाळेत फार तर गाय शिरायची.

पण एक गोष्ट मात्र माझ्या वाट्याला आली, आणि तीच तुला सांगायची आहे. मी परत विद्यार्थी झालो.

तुझी ट्रेनिंगची वर्षं मी रोज आठवतो. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तू मला स्टुलावर बसवायचीस आणि उद्याचा पाठ आधी माझ्यावर घ्यायचीस. एका हातात टाचणाचा कागद, पदराला खडूची भुकटी, आणि पंक्चरच्या पाटीच्या पत्र्यावर तुझी आकडेमोड. शिकवून झालं की मी म्हणायचो, कळलं. "मग उठा. आता तुम्ही मला शिकवा." माझे हात ग्रीसने काळे, हातात ट्यूब, आणि तोंडाला कुलूप. तू हसायचीस आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचीस. वर्गातही तुझा हाच नियम होता. 'समजलं का मुलांनो' असं तू कधी विचारायची नाहीस, कारण सगळा वर्ग एका सुरात 'होऽऽ बाई' म्हणतो आणि त्यातल्या निम्म्यांना काही कळलेलं नसतं.

ईशानेही मला असंच बसवलं. इथे फ्रिजवर चिकटवायचा पांढरा फळा मिळतो. त्यावर तिने लिहिलं, सहा भागिले अर्धा.

"आजोबा, आन्सर बारा. हा हाफ उलटा करायचा आणि मल्टिप्लाय करायचं. मेक्स सेन्स?"

मला वाटलं होतं तीन. पण पोरगी दिवसभर उभी राहून आली होती, डोळ्यांखाली काळं झालं होतं. शिकवणाऱ्यासमोर नाही म्हणायची आपल्याला सवय कुठे आहे? मी मान डोलावली. "वा, छान सांगितलंस."

तिने तोच पाठ वर्गात घेतला, आणि नेमक्या त्याच दिवशी सुपरवायझर बाई आल्या होत्या. मुलांनी गणितं फटाफट सोडवली. मग त्या बाईंनी एका मुलाजवळ वाकून विचारलं, बारा का आले? तो म्हणाला, उलटा करून गुणलं म्हणून. दुसऱ्यानेही तेच सांगितलं. त्यांनी ईशाला बाजूला घेऊन सांगितलं की मुलं युक्ती शिकली, गणित नाही, आणि शेवटच्या भेटीतही असंच दिसलं तर सर्टिफिकेटसाठी शिफारस करता येणार नाही.

ईशा घरी आली ती बूट न काढताच खुर्चीत बसली. "बट इट वर्क्ड ऑन यू, आजोबा. तुम्हाला समजलं होतं ना?"

मी मान डोलावली.

ती मग उठली, माझ्या हातात मार्कर दिला आणि म्हणाली, "ओके. देन टीच मी."

बाई, तुझं वाक्य हिला कोणी सांगितलं? मी नाही, नितीनने नाही. तू गेलीस तेव्हा ती एवढीशी होती. मी मार्कर धरून फ्रिजसमोर उभा राहिलो आणि पुन्हा तेच, तोंडाला कुलूप. शेवटी म्हटलं, "नाही समजलं गं बाळा. सहाचे भाग केले तर कमी व्हायला पाहिजेत. वाढले कसे?"

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तू दमली होतीस."

मला वाटलं, आता रडणार. पण ती हसत सुटली. "आजोबा, माझी सगळी किड्स हेच करतात. दे आर बीइंग नाइस टू मी."

मग तिने सूनबाईचा पोळ्यांचा डबा उघडला. सहा पोळ्या काढून ओट्यावर मांडल्या. म्हणाली, "प्रत्येक माणसाला अर्धी द्यायची. किती माणसं जेवतील?" आणि एकेक पोळी मधोमध फाडायला लागली. चौथी फाडेपर्यंत माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बारा. माणसं बारा! सूनबाई कामावरून आली आणि डबा उघडून म्हणाली, "माझ्या पोळ्यांचं हे कोणी केलं?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

पण बाई, तुझ्यावर माझा थोडा राग आहे. शाळेतली उपाशी पोरं दुपारी आपल्या दारात यायची, तेव्हा तू काय करायचीस? भाकऱ्या मोजक्या असायच्या. तू प्रत्येकाच्या हातावर अर्धी ठेवायचीस, आणि दारातली सगळी जेवून जायची. मी शेजारी बसून बघायचो. हेच ते गणित आहे, हे मला का नाही सांगितलंस? इतकी वर्षं मी तीनच समजून बसलो होतो.

शाळेत खाण्याच्या वस्तू नेऊन चालत नाही, कोणाला कशाची ॲलर्जी असते. म्हणून आजच्या पाठासाठी आम्ही कागदाच्या पोळ्या केल्या. ईशा वर्तुळं काढायची, मी कापायचो. पंक्चरचे तुकडे कापलेला हात आहे, तरी दोनचार वाकड्या झाल्या. त्या दिसल्या तर सुपरवायझर काय म्हणेल, याची मला सकाळपासून धास्ती आहे. आता तास सुरू झाला असेल. मला पुढे लिहवत नाही.

*

बाई, ईशा आली.

गॅरेजचं दार वाजलं तरी मी स्टुलावरून उठलो नाही. ती पाणी प्यायली, माझ्यासमोर बसली आणि सांगायला लागली. मागच्या बाकावर एक मुलगी बसते, वर्षभरात वर्गात स्वतःहून बोललेली नाही. ईशाने सगळं शिकवून संपवलं, आणि सुपरवायझर बाई लिहीत असताना त्या मुलीने हात वर केला. म्हणाली, "मिस, आय डोन्ट गेट इट."

"आजोबा, मला वाटलं, झालं. आय ॲम डन."

"मग?"

"मग मला तुम्ही आठवलात, मार्कर घेऊन उभे." ईशाने त्या मुलीच्या हातात कागदाच्या पोळ्या दिल्या आणि म्हणाली, कुठे अडलं ते दाखव. मुलीने एक फाडली, दुसरी फाडली, आणि मग स्वतःच फळ्यापाशी जाऊन सगळ्या वर्गाला सांगितलं. ईशा भिंतीला टेकून ऐकत उभी राहिली. जाताना सुपरवायझर बाई म्हणाल्या की त्या शिफारस करताहेत. वाकड्या पोळ्यांबद्दल काही बोलल्या नाहीत.

नितीन आला तेव्हा ईशाच्या बोटांना मार्करची निळी शाई तशीच होती. ती बघून तो म्हणाला, "आईचे हात असेच असायचे. पांढरे." तू गेल्यापासून त्याने तुझं नाव काढलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. ईशाने त्याला पोळी वाढली. अर्धी वाढली, मुद्दाम.

आता शब्द देतो. तो उलटा करून गुणायचा प्रकार मला अजून कळलेला नाही. म्हणजे बारा कळले, पण दोन तृतीयांशाने भागायचं तर काय फाडायचं? रविवारी ईशाला विचारणार आहे, आणि कळेपर्यंत मान डोलावणार नाही. माझी यायची वेळ होईल तेव्हा तू नेहमीसारखं म्हणशील, उठा, आता तुम्ही मला शिकवा. या वेळी मी उठेन, बाई. हात धुऊन येईन.

तुझाच,
अहो