बिलावर दाजींचं नाव

बजाजनगर,
रविवार, दि. ८ जून २०२५, सकाळी ७.१०

आयु. सुलेखाताईस इंद्रजीतचा सप्रेम जयभीम. वि. वि.

रात्रपाळी करून आलो, तोंडावर पाणी मारलं आणि लिहायला बसलो. दाजींनी तुझा मोबाईल पाट्यावर ठेचला, हे भाजीच्या गाडीवाल्या कडुबाकडून कळलं. सोबत तुझी दोन बोटंही ठेचली, हे त्यानं निघताना सांगितलं.

गावातल्या लोकांचे अर्ज टाइप करून चार पैसे मिळवायचं म्हणतेस, म्हणून कडुबाच्याच गाडीत कॉम्प्युटर पाठवतोय. गुलमंडीकडची दुकानं फिरलो. दुकानदार आधी स्क्रीनचा आकार दाखवतो, त्याला भुलू नये. प्रोसेसर कितव्या पिढीचा, रॅम आठ जीबीपेक्षा कमी तर नाही, पुढं वाढवता येते का, आत जुनी हार्ड डिस्क आहे की एसएसडी, हे आधी विचारावं. बिघडलं तर दुरुस्तीला माणूस गावात येतो की आपणच मशीन घेऊन जायचं, हेही. लॅपटॉप लाइट गेली तरी चालतो, पण भिंतीवर आपटला की सगळाच जातो. डेस्कटॉपची स्क्रीन फुटली तर स्क्रीनच बदलायची. दाजींचा हात मला माहीत आहे, म्हणून डेस्कटॉप घेतला.

बहिणीच्या घरी वस्तू द्यायची तर जावयाचा मान ठेवावा लागतो. बिल दाजींच्या नावावर केलंय. तेवढ्यानं तरी ते शांत होतील.

बोटांना जप, आणि माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.
तुझा इंद्रजीत

देवगाव रंगारी,
दि. १९ जून

चि. इंद्रजीतला ताईचे अनेक आशीर्वाद.

साधी पेन्सिल घ्यायची तरी तू तीन दुकानं पालथी घालायचास, आई वैतागून जायची. मशीन लई चांगलं होतं. अर्जांचे पैसे मी ह्यांच्या हातात दिले नाय, म्हणून परवा ह्यांनी स्क्रीन फोडली आणि कुऱ्हाडीच्या दांड्यानं खालचा डबा चेचला. मी आडवी गेले तर तोच दांडा माझ्या दंडावर, पाठीवर. तुझी भाची सोनिया पलंगाखाली शिरली, तर तिला केसाला धरून बाहेर ओढलं.

सासऱ्यांनी चार माणसं बसवली. मी नुकसानभरपाई मागितली. ह्यांनी खिशातून बिल काढून पुढं केलं. सासरे म्हणाले, नाव राजकुमारचं हाय, त्यानं स्वतःची वस्तू फोडली तर दुसऱ्याचं काय गेलं? सगळ्यांनी माना हलवल्या. तुझ्या जावयाच्या मानाचा त्या घडीला लई राग आला बघ. मग मी बाही वर केली, काळानिळा दंड दाखवला आणि विचारलं, ह्याचं बिल कुणाच्या नावावर हाय?

चारी माणसं चपला घालून निघून गेली. तेव्हापासून मी अन् सोनिया ज्या खोलीत आहोत तिला बाहेरून कडी असते. राजकुमार म्हणतो, आता जीवच घेतो. ही चिठ्ठी खिडकीतून कडुबाला देतेय.

माया असू दे.
सुलेखा

बजाजनगर,
दि. २० जून, दुपारी ३

ताईस जयभीम.

चिठ्ठी कंपनीच्या गेटवर उभ्यानं वाचली, उत्तर कडुबाच्याच हाती देतोय. उद्या सकाळी पोलिसांना सोबत घेऊन येतोय. दंडाला काही लावू नकोस, आधी डॉक्टरकडून वळ लिहून घ्यायचे आहेत. सोनियाच्या पायात चप्पल घालून ठेव. फुटलेलं मशीन, भांडी, काही गोळा करत बसू नकोस.

दरवेळी तुमच्या दारात आलो की मी आधी दाजींच्या पाया पडतो. उद्या सरळ तुझ्या खोलीची कडी काढीन.

तुझा,
इंद्रजीत