कॅमेऱ्याला न गवसलेला खेळ

लिव्हरपूल
ता. १६ जानेवारी १९६४

ती. नर्मदाताईस परशुरामचा शि. सा. न. वि. वि.

आमची बोट अजून दुरुस्तीलाच आहे. आईला सांग, दोन वेळ भात मिळतो, मासे मात्र बेचव. काम नाही, म्हणून एका जागी बसवत नाही. संध्याकाळी खलाशांच्या क्लबात जातो. तिथे टेलिव्हिजन आहे, म्हणजे चित्रं दिसणारा रेडिओ. शनिवारी त्यावर एक खेळ दाखवतात. बिलियर्डसारखंच टेबल. पंधरा गोळे काठीने सहा भोकांत घालायचे, आणि चित्राच्या कोपऱ्यात घड्याळ पळत असतं. ज्याला कमी वेळ लागेल तो जिंकला. साधा बिलियर्ड लागला की माणसं उठून चहाला जातात. हा लागला की सिगारेट जळत बोटांपर्यंत येते, तरी ओढणाऱ्याला पत्ता नसतो. विचार करायला फुरसतच नाही गो, खेळणाऱ्याला नाही आणि बघणाऱ्यालाही नाही.

तुला ठाऊक आहे, मुंबईच्या क्लबात मी दहा वर्षं मार्कर होतो, साहेबांचे गुण मांडत. आम्हाला खेळायची बंदी. साहेब जेवायला गेले की दोन मिनिटांत टेबल साफ करून गोळे पुन्हा होते तसे मांडून ठेवायचो. तोच हात इथे कामी आला. त्या कार्यक्रमाच्या माणसाने मला खलाशांच्या क्लबातल्या टेबलावर खेळताना पाहिलं आणि ८ फेब्रुवारीच्या शनिवारी टेलिव्हिजनवर खेळायला बोलावलं. बोट सुटणार शुक्रवारी, ७ ला. काय करू? उलट टपाली लिही.

तुझ्या मायेचा भुकेला,
परशुराम


विजयदुर्ग
ता. २६ जानेवारी १९६४

चि. परशुराम यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा मनात वाचलं, एकदा आईसाठी मोठ्याने. दुसरो माणूस गोळे ढकलता ता बघूक लोक जमतत, त्यांका घरात कामा नायत काय, असं तिने विचारलं. मी म्हटलं, होड्यांची शर्यत असली की तू चुलीवरची डाळ टाकून जेटीवर धावतेस, ती कशाला?

आता कामाचं. तळेऱ्याहून विमलाच्या वडिलांचा निरोप आला. तुझं लग्न दोनदा पुढे गेलं. वैशाखात झालं नाही तर ते दुसरं स्थळ बघणार. बोट सोडलीस तर कंपनी परत घेईल का, तेही तूच जाणे. माझ्या मते तू यावंस. पण ताईने अडवलं असं पुढे म्हणू नकोस. हात तुझा आहे, ठरवायचंही तूच.

हे पत्र वेळेत पोचतं की नाही, या विचाराने जीव खालीवर होतो. म्हणून पोस्टात टाकायला स्वतःच निघाले आहे. प्रकृतीला जप.

तुझी ताई


पोर्ट सैद
ता. २० फेब्रुवारी १९६४

ती. ताईस शि. सा. न.

मी बोटीवर आहे. तुझं पत्र ५ तारखेला मिळालं, तरी मी थांबायचंच ठरवलं होतं. खोटं कशाला लिहू? पेटीही बोटीवरून उतरवली होती.

गुरुवारी कार्यक्रमाच्या तालमीला गेलो. अठ्ठावन्न सेकंदांत पंधराही गोळे आत. दिवेवाले, झाडूवाले, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. अकरा माणसं होती, मी मोजली. इतक्यात, वरच्या खोलीत बसून चित्र बघणारा मुख्य साहेब खाली उतरला. कॅमेरा माझ्यामागे धावू शकला नव्हता. चित्रात नुसतं हिरवं कापड आणि माझं कोपर. त्याने सांगितलं, प्रत्येक गोळ्याआधी जरा थांब, लोकांना दिसू दे. तसा खेळलो तर तीन गोळे चुकले. तो बिचारा म्हणाला, सराव कर, शनिवारपर्यंत जमेल. जमलंही असतं. पण दुसऱ्याच्या सोयीसाठी हात आवरून उभं राहायचं, हे मी मुंबईच्या क्लबात दहा वर्षं केलं आहे. काठी ठेवली, नाही म्हटलं आणि पेटी उचलून गोदीकडे धावलो.

आता डेकवर येरझाऱ्या घालतो. मी भ्यालो की शहाणा झालो, ते कळत नाही. विमलाला यातलं काही सांगू नकोस.

लोभ कमी होऊ देऊ नये.
परशुराम


विजयदुर्ग
ता. २९ फेब्रुवारी १९६४

चि. परशुराम यास आशीर्वाद.

हे पत्र मुंबईतल्या आपल्या गावकऱ्यांच्या खोलीवर टाकते आहे, उतरल्याबरोबर मिळेल. सांगू नको म्हणालास, पण मी काल तळेऱ्याला जाऊन विमलाला सगळं वाचून दाखवलं. लग्नाआधी तिला तुझ्याविषयी एवढं तरी कळावं, असं वाटलं. रागाव हवं तर.

इतके दिवस माझ्यासमोर मान वर न करणारी मुलगी. तिने आधी विचारलं, की त्या अकरा माणसांना सगळे गोळे दिसले असतील ना. मी म्हटलं, दिसले म्हणूनच टाळ्या पडल्या. वडील पलीकडच्या खोलीत होते, तरी तिने स्पष्ट सांगितलं, की टेबल खंयपण असूंदे, माका थंय नेऊन खेळ दाखवूक तेंका सांगा. सावकाश खेळूची गरज नाय, माझे डोळे बरे आसत.

वैशाखाची तारीख मी तिथेच पक्की करून आले. पहिल्या गाडीने निघ. आमची माया आहेच, तुझीही अशीच राहू दे.

तुझी ताई, नर्मदा