अव्वाचा अभिषेक आणि आमचा पंप

॥ श्रीशंकर प्रसन्न ॥

कसबा बावडा,
श्रावण, २००३

ती. सौ. शिवलीला अक्कास,

धाकट्या प्रभुलिंगाचा साष्टांग नमस्कार. दाजींचा गुडघा, तुमची म्हैस आणि मळ्यातली वांगी, तिघांचीही प्रकृती उत्तम असावी.

पत्रास कारण, आमचा शॉवर. या अधमाने आजवर माझे दोन्ही खांदे एकाच वेळी भिजवलेले नाहीत. मी खाली उभा राहून त्याचे ध्यान करावे आणि त्याने पळीभर तीर्थ द्यावे, असा आमचा संबंध. गच्चीवरची टाकी माझ्या टाळूपासून जेमतेम हातभर उंच, म्हणून पाण्याला खाली यायची निकडच वाटत नाही, असे निदान करून केरबा प्लंबरने टाकीशेजारी बूस्टर पंप बसवला. नळ सोडला की आपोआप चालू, मिटला की आपोआप बंद (इतका आज्ञाधारक विद्यार्थी मला शाळेत कधी लाभला नाही). "सर, मोटर न्हवं, तालमीतला पैलवान हाय की!" इति केरबा. मी नारळ फोडला, 'गंगे च यमुने चैव' म्हटले आणि विधिपूर्वक शॉवर सोडला. पैलवानाने पहिल्याच झटक्यात शॉवरचे तोंड उडवून माझ्या डोक्यात घातले. दोन्ही खांदे भिजले, हे मात्र न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे.

पुढे श्रावण लागला आणि पंपाला पिसे लागले. घरातले सगळे नळ बंद, तरी हा मधूनच घुर्र करी, थांबे, पुन्हा घुर्र. केरबा म्हणे, व्होल्टेजचा खेळ. आमची सौ., सुष्मिता, म्हणे, "तुम्ही त्याच्यापुढं संस्कृत म्हटलासा न्हवं, तेच पाठ करतंय." मी वैद्यासारखा एकेका नळाची नाडी बघत हिंडलो. आपली माउली अव्वा तेवढी देवघरात डोळे मिटून, अत्यंत निरागस.

काल सोमवारी रुद्र म्हणत (डोळे अर्थातच मिटलेले) मी देवघराबाहेरच्या नळावर पाय धुवायला गेलो आणि तो पुरता सोडला. पायावर थेंब नाही. कल्लोळ मात्र आतून! अव्वाने बाळासो कंपाउंडरकडून सलाइनची नळी मिळवून पूजेपुरती त्या नळाला गुपचूप जोडली होती आणि पडद्याआडून नेऊन पिंडीवर टांगली होती. नळ किंचित सोडला, की थेंब थेंब अभिषेक चाले आणि बिचाऱ्या पंपाला सारखे वाटे, आपल्याला बोलावणे आले. आता ती नळी फणा काढून उभी राहिली. महादेव, गणपती, बाबांचा फोटो आणि माझे पंचांग एकदमच सचैल न्हाले. चिंब अव्वा हात जोडून म्हणते, "बघ परभू, गंगा आली!" पंप बघायला आलेला केरबा शिडीवरूनच ओरडला, "अव्वा, खुळं केलासा की मला!" आम्ही पोट धरून हसलो.

तुझा (पुरता भिजलेला) बंधू,
प्रभुलिंग

ता. क. – दाजींना सांग, मळ्यासाठी मागितला तरी पंप विकायचा नाही. आशा ठेवू नये.

ता. क. २ – नळी कशाला लावलीस म्हणून विचारले, तर अव्वा म्हणाली, "महादेवाला बी जरा सोय नको व्हय?" मी नळी सोडवून तिच्या हाती तांब्या दिला. तो पिंडीपर्यंत पोचेस्तोवर हात इतका कापला, की निम्मे पाणी तिच्याच मांडीवर सांडले. हा हात ती आमच्यापुढे पदराखाली धरून बसते, हे माझ्या आत्ता ध्यानात येते. डॉक्टरांचे नाव काढले की माझ्यावर चिडते, तुझे ऐकेल. नळी मी पुन्हा लावून दिली आहे. वर घुर्र झाले, की ती पूजेला बसली आहे एवढे कळते. पंप बराच वेळ गप्प राहिला, की मी उठून बघून येतो. अक्का, मला भीती वाटते. लवकर ये.