डावीकडचं

गुरुवार, २६ मार्च २०२०

हॉस्पिटलातून फोन आला. सोमवारचं इंजेक्शन रद्द! ओपीडी बंद, फक्त तातडीचे पेशंट बघणार. मी म्हटलं, आमचं तातडीचं नाही का? साखरेने डाव्या डोळ्याच्या पडद्यावर पाणी धरलंय, महिना चुकवू नका असं तुमचेच डॉक्टर म्हणाले होते. ती मुलगी म्हणाली, “काकांना आत्ता दिसतंय ना? मग थांबा थोडं.”

थोडं म्हणजे किती, ते तिलाही ठाऊक नसणार. तिच्यावर राग काढला नाही.

मंगळवार, ३१ मार्च

आज सप्तमी. कार्ल्याला एकवीरेची यात्रा नाही. लग्न झाल्यापासून हे पहिलंच वर्ष. घरातच फोटोला ओटी भरली. नारळ दुकानात मिळाला नाही, सुपारी ठेवली. आई समजून घेईल.

हे दिवसभर खिडकीत. हे चालवतात तो ट्रेलर कळंबोलीला उभा. माणूस घरात बसला की बिडीचा खर्च दुप्पट होतो.

शनिवार, ४ एप्रिल

नावेदभाईंचा फोन. हे त्यांच्याच ट्रेलरवर आहेत, पंधरा-सोळा वर्षं झाली. बंदरातले कंटेनर हलवायला पास मिळाला, पण ड्रायव्हर सगळे आपापल्या मुलखात गेले. हे लगेच उठले. लग्नाला निघाल्यासारखी दाढी केली!

रामू क्लीनरही गेला. परभणीकडचा, दोन लेकरांचा बाप. चालत निघाला म्हणे. म्हणजे डाव्या बाजूला बसून बघणारं आता कोणी नाही. मी तसं म्हटलं तर हे हसले. “रस्त्यावर कुत्रं नाय गो. डोलं मिटून पन चालवीन.”

बुधवार, २२ एप्रिल

डाव्या डोळ्यापुढे काळं सूत दिसतं म्हणाले. आधी एक होतं, आता जाळं. हाताने झटकतात, माशी उडवावी तसं.

हॉस्पिटलला फोन लावला. वाजतो, उचलत नाहीत.

गुरुवार, २३ एप्रिल

उचलला नाही.

रविवार, १० मे

जेवताना म्हणाले, “लोनचं नाय आज?” पानात होतं. डाव्या बाजूला, नेहमीच्या जागी. मीठ, लिंबू, लोणचं – सगळं तिथंच होतं. मला वाटलं, विचारात असतील. मग यांनी भाकरी उजव्या हाताने चाचपली आणि उजवीकडचा अर्धाच भाग खाल्ला.

उजव्या डोळ्याला मागच्या वर्षी लेझर झालं, तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते – डोळा वाचेल, पण कडेचं कमी दिसेल. म्हणजे डावा गेला तर डावीकडचं बघायचं कोणी?

सोमवार, ११ मे

लोणचं उजवीकडे वाढलं. वाढायची रीत सासूबाईंनी पानावर बोट ठेवून शिकवली होती. मोडली. यांनी मुकाट जेवण केलं. त्यांच्या लक्षात आलं की मला कळलंय. मलाही कळलं की त्यांना कळलंय.

मंगळवार, ९ जून

ओपीडी सुरू झाली. टोकन घेऊन या म्हणतात. हे नाही म्हणाले. पलीकडच्या चाळीतला काशीराम किडनीसाठी हॉस्पिटलात गेला, तिथून करोना घेऊन आला. त्याचं तोंडही घरच्यांना बघायला मिळालं नाही. “त्ये डोल्यात तोंड घालून बघतात. तितं जाऊन मरू काय?”

खरं लिहायचं तर मलाही हायसं वाटलं. मलाही भीती वाटते. मग दीपिकाचा उरणहून फोन आला. लेक आहे, पण आवाज सासूचा! “आई, तू बाबांचं ऐकत बसलीस ना, तर दोघं मिळून काठी घ्याल.” पुढच्या महिन्यातली तारीख घेतली.

शनिवार, ४ जुलै

पनवेलला परत लॉकडाऊन. तारीख गेली.

कंटेनर मात्र चालू आहेत.

सोमवार, २७ जुलै

आज गेलो शेवटी.

पूर्वी तिथं उभं राहायला जागा नसायची. उरण, कर्जत, पेणहून म्हातारी माणसं पहाटेपासून डबे घेऊन बसलेली असायची. आज बाकांवर फुल्या मारलेल्या, आणि त्या नसत्या तरी बसायला कोणी नव्हतं. कुठं गेली ती सगळी? त्यांचे डोळे काय बरे झाले?

डॉक्टर तोंडापुढे काच बांधून. बराच वेळ बघत होते. मग स्टूल मागे सरकवलं.

“डावीकडे रक्तस्राव होऊन पडदा ओढला गेलाय. एप्रिलमध्ये आला असतात तर काही करता आलं असतं.” मी म्हटलं, एप्रिलमध्ये तुम्ही बंद होतात. ते हळू म्हणाले, “हो. पण तातडीचे बघत होतो. जे येतात ते सगळे असेच उशिरा येतायत, ताई.”

फोन कोणी उचलला नाही ते मी सांगणार होते. नाही सांगितलं. काय उपयोग!

उजव्या डोळ्यातही पाणी धरलंय. त्याला इंजेक्शन आजच दिलं. आता दर महिन्याला, खंड पडता कामा नये. तो गेला की संपलं.

नंतर विचारलं, “काम काय करता?” हे म्हणाले, “घरीच आसतो.” मी मास्क नाकावर ओढला आणि जमिनीकडे बघत राहिले. यांनी खोटं सांगितलं ते तोंडाने. मी न बोलता.

पायऱ्या उतरताना यांनी माझा खांदा धरला. रस्त्यात माझ्या अंगाला हात न लावणारा माणूस!

गुरुवार, ३० जुलै

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली, तसे हे निघाले कामाला. मी दारात आडवी उभी राहिले. रस्ते आता पहिल्यासारखे भरलेत. भाजीवाले, रिक्षा, शेडुंगकडून येणारे मोटरसायकलवाले. म्हटलं, कोणाचं लेकरू खाली आलं तर?

“मंग इंजक्शन कोन भरंल? तुजी एकवीरा?”

बोलून गेले आणि स्वतःच फोटोकडे वळून पाया पडले. मग गेले. दिवसभर रस्त्यावर ब्रेकचा आवाज झाला की मी उठून उभी राहत होते.

आरटीओत जाऊन सांगू का, असंही मनात आलं. बायकोने जाऊन सांगायचं – माझ्या नवऱ्याचं लायसन काढून घ्या! आणि मग तो उजवा डोळा कशावर वाचवायचा? माझ्या नथीवर एखादं वर्ष निघेल. पुढं?

शनिवार, १ ऑगस्ट

आज ईद. मुबारक द्यायच्या निमित्ताने नावेदभाईंना फोन केला आणि सांगून टाकलं. यांना डावीकडचं दिसत नाही. गाडी देऊ नका.

पलीकडे त्यांनी दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“भाभी, मला माहीत आहे. मे महिन्यातच बंदराच्या गेटचा खांब घासला त्याने. मी विचारलं, तो म्हणाला ऊन डोळ्यावर आलं. मी ऐकून घेतलं. माणूस नाही माझ्याकडे, बँकेचा हप्ता थांबत नाही… गुन्हा माझाच आहे.” मग म्हणाले, “तुम्ही सांगाल ते करतो. उद्यापासून उतरवू त्याला? बोला.”

इतके महिने वाटत होतं, कोणीतरी यांना थांबवावं. आज तो माणूस फोनवर उभा होता, माझ्या एका शब्दासाठी.

मी म्हटलं, विचारून सांगते.

कोणाला विचारणार होते?

मंगळवार, ४ ऑगस्ट

पहाटे दोघांचा डबा भरला. घराला कुलूप लावलं, पदर खोचला आणि ट्रेलरमध्ये क्लीनरच्या जागेवर जाऊन बसले. हे फक्त, दार जोरात ओढ म्हणाले, नाहीतर वळणावर उघडतं.

जासईच्या अलीकडे दुधाचे कॅन लावलेला एक सायकलवाला डावीकडून आत आला. मी म्हटलं, “सायकल! सायकल!” यांनी गाडी उजवीकडे घेतली. तो मागे वळून हसला. त्याला काहीच कळलं नाही.

उद्या पुण्याची फेरी आहे. मध्ये घाट लागतो.