पाटीबाहेर आलेलं वाक्य

४ मार्च
मी बनवलेल्या प्रोग्रामिंगच्या भाषेला आज बारा वर्षं. कारखान्यातले अकरा पंप तिच्यावर चालतात — आणि मी कॉलेजची पायरीही चढलेलो नाही! मॉड्यूल म्हणजे बंद खोली. दाराच्या पाटीवर लिहिलंय तेवढंच बाहेर दिसणार. भिंगरी सातवीत असताना तिला हे समजावलं, तर लेक म्हणाली, "म्हणजे तुमच्यासारखंच, बाबा! पाटीवर 'ठीक आहे', आत काय ते देवाला ठाऊक."
चौदा महिने झाले तिचा आवाज ऐकून.

७ मार्च
जेवताना ही म्हणाली, "पोटच्या पोरीशी अबोला, आणि त्या डबड्याशी दिवसभर गुलुगुलु!"
मी काय वाईट बोललो? तेव्हा भिंगरीच चारचौघांत म्हणाली, "बाबा, तुमच्या मॉड्यूलला भोक आहे. आतलं बाहेर येतं." मी म्हटलं, "डिग्रीचा तोरा या घरात नको." बॅग उचलून गेली. दुसऱ्या दिवशी पुरावा म्हणून तेवीस ओळींचा प्रोग्राम पाठवला. उघडला नाही.

८ मार्च
नाही उघडला.

१२ मार्च
तिच्या टेबलाचा एक पाय आखूड. खाली तिने माझंच मॅन्युअल सारलेलं — आवृत्ती पहिली. काढायला गेलो. टेबल डुगडुगलं. परत सारलं.

१५ मार्च
चालवला. तिचं चूक आहे हे दाखवायला!
'घर' नावाचं मॉड्यूल. पाटीवर काहीच नाही. आत आकड्यांची लांब रांग. ती बाहेर निसटली तरच तिची अक्षरं होणार. माझ्या नियमांप्रमाणे अशक्य. नियम तपासणाऱ्या कंपायलरनं हूं की चूं केलं नाही. पडद्यावर आलं —
"बाबा, हे वाचताय म्हणजे भोक आहे. रागावू नका. फोन करा."
चौदा महिने आत बसून होतं!

२१ मार्च
भोक बुजवलं. सहावा नियम चुकला होता — माझा लाडका. आता तिचा प्रोग्राम एकोणिसाव्या ओळीवर अडतो: 'आतलं बाहेर जातंय.' चोख काम. पण ते वाक्य आता उमटत नाही.
जुना कंपायलर पुसायला घेतला. नाही पुसला. त्यावर तिचा प्रोग्राम तीनदा चालवला.
फोन हातात घेतला, ठेवला. भाषा वापरणाऱ्या सगळ्यांसाठी नोंद तेवढी टाकली: "सहावा नियम दुरुस्त. चूक माझी."

२२ मार्च
भिंगरीचा निरोप: "नोंद पाहिली. म्हणजे वाक्य वाचलंत! मग चौदा महिन्यांवर हा आणखी एक दिवस कशाला, बाबा?"
फोन लावतोय.